एकोणचाळीस थेंबांचा डबा

दिवाळीत तेलाचा विषय निघाला की घरातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे तीन तेले उभी राहतात. एक अभ्यंगाचे, दुसरे चकलीच्या कढईतले आणि तिसरे पणतीतले. चौथेही एक तेल होते. पण सणाच्या दिवशी त्याला कोणी मान दिला नाही. देवापुढे ते कधी जळले नाही. त्याची बाटली मोरीच्या कोपऱ्यात उभी असे, आणि तिला हात लागला की आजी तो राखेने घासून धुवायला लावी. तरीसुद्धा आमच्या पिढीने पाढे पाठ केले, आयांनी धान्य निवडले आणि बाळंतिणीच्या खोलीत रात्ररात्र जागरणे झाली, ती याच चौथ्या तेलाच्या उजेडात. त्याला कोणी रॉकेल म्हणे, कोणी घासलेट. ‘रॉक ऑइल’चे रॉकेल झाले आणि ‘गॅसलाइट’चे घासलेट. आपल्या लोकांनी साहेबाचे शब्द असे घासूनपुसून आपल्या फडताळात ठेवून दिले.

हे तेल येई कोठून, आणि त्याचा भाव ठरवी कोण, हा प्रश्न लहानपणी मला पडला तो दोन आजोबांमुळे. माझे आजोळ दौंडचे आणि घर शिरूरचे. आईचे वडील दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीस होते. वडिलांचे वडील शिरूरच्या पेठेत किराणा मालाचे दुकान चालवीत. एकाने डबा गाडीतून उतरवून घ्यावा आणि दुसऱ्याने तो फोडून बाटलीने विकावा, असा हा व्याह्यांचा नकळत चाललेला व्यवहार. भेट झाली म्हणजे शिरूरचे आजोबा विचारीत, “काय व्याहीबुवा, यंदा रॉकेल चढणार की उतरणार?” दौंडचे आजोबा हसून म्हणत, “आम्ही वाघिणी मोजतो. आत काय भाव भरलाय तो विलायतेला ठाऊक.”

विलायत म्हणजे त्यांच्या लेखी समुद्रापलीकडचे सगळे जग. प्रत्यक्षात तो भाव पुष्कळ वर्षे न्यूयॉर्क शहरात, २६ ब्रॉडवे या पत्त्यावरच्या एका इमारतीत ठरत असे.

ज्यांनी ही दोन गावे पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शिरूर पुणे-नगर रस्त्यावर घोड नदीच्या काठी आहे. जुनी माणसे गावाला घोडनदीच म्हणत. इंग्रजांची येथे छावणी होती, आणि १८१७ च्या वर्षअखेरीस कॅप्टन स्टाँटनची पलटण कोरेगावच्या लढाईला निघाली ती येथूनच. पण एवढ्या जुन्या गावाला आगगाडी काही लाभली नाही. ती गेली दौंडला, भीमेच्या काठी. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात दौंडहून मनमाडकडे फाटा निघाला, १८७८ साली त्यावर गाड्या धावू लागल्या, आणि दौंड हे नुसते स्टेशन न राहता जंक्शन झाले. मग दौंडच्या धक्क्यावर माल उतरायचा आणि बैलगाड्यांनी आसपासच्या पेठा गाठायचा, असा परिपाठ पडला.

रॉकेल येण्यापूर्वी या मुलखात दिवा जळे तो तेल्याच्या घाण्यावर. करडई, तीळ, कारळे; बैल गोल फिरायचा आणि लाकडी घाण्यातून धार पडायची. लोकमान्यांना विरोधकांनी ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हटले ते हिणवण्यासाठी. परंतु गावाचा उजेड त्या काळी तेल्याच्याच हाती होता, हे हिणवणारे विसरले. रॉकेल आले ते या तेलाहून स्वस्त, आणि काचेच्या चिमणीत त्याची ज्योत कितीतरी लख्ख. समईपुढे आणि कढईत घाण्याचे तेल टिकून राहिले. ओसरीवरचा, गोठ्यातला आणि दुकानातला उजेड मात्र तेल्याच्या हातून गेला. या बदलाचा बखरकार कोणी झाला नाही. व्हायला हवा होता.

आता जरा अमेरिकेत जाऊ.

१८५९ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया प्रांतातील टायटसव्हिल गावी एडविन ड्रेक नावाच्या माणसाने जमिनीत भोक पाडून खनिज तेल काढले. त्याच सुमारास आपल्याकडे आगगाडी पुणे सोडून भीमेच्या खोऱ्यात पूर्वेकडे सरकत होती. टायटसव्हिलला झुंबड उडाली. ज्याला त्याला विहीर खणायची होती. क्लीव्हलँड शहरात जॉन रॉकफेलर नावाचा विशीतला एक तरुण होता. तो सोळाव्या वर्षी हिशेबनीसाचा मदतनीस म्हणून नोकरीस लागलेला, देवभीरू, दारूला न शिवणारा, आणि पैन् पैचा हिशेब वहीत टिपणारा. त्याने विहीर खणली नाही. जमिनीतून तेल निघेल की न निघेल हा जुगार. पण निघालेले तेल शुद्ध करून विकायचे हा धंदा, असे त्याचे गणित. १० जानेवारी १८७० रोजी त्याने आणि त्याच्या भागीदारांनी स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन केली. भांडवल दहा लाख डॉलर.

पुढे जे घडले ते समजायला दौंडचाच मालधक्का डोळ्यांपुढे आणावा. समजा, धक्क्यावरून दोन व्यापारी पुण्याला गूळ पाठवतात. त्यातला मोठा व्यापारी रेल्वेला खासगीत म्हणतो, ‘माझा माल रोज ठरलेला येईल, मला भाड्यात सूट द्या.’ येथवर समजण्यासारखे आहे. पण तो पुढे म्हणतो, ‘त्या दुसऱ्याकडून जे भाडे घ्याल त्यातलाही काही हिस्सा मला द्या.’ म्हणजे दुसऱ्याने जितका जास्त माल पाठवावा तितका पहिल्याचा गल्ला भरावा! असाच करार १८७२ साली रॉकफेलर आणि रेल्वे कंपन्या यांच्यात गुप्तपणे शिजला. तो बाहेर फुटला, लोक खवळले, आणि अमलात येण्यापूर्वीच मोडला. पण नुसत्या त्याच्या धाकाने काम भागले होते. काही आठवड्यांत क्लीव्हलँडमधील २६ पैकी २२ तेलशुद्धी कारखाने स्टँडर्डने विकत घेतले. विकणाऱ्याला पर्याय दोनच: आमच्यात या, नाहीतर बुडा. १८८० च्या सुमारास अमेरिकेतील नव्वद टक्क्यांच्या आसपास तेलशुद्धी या एका कंपनीच्या मुठीत आली होती.

रॉकफेलरला नुसता खलनायक म्हणून मोकळे होणे मात्र मला जमत नाही. त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि या लेखाचे नाव तिच्यावरूनच घेतले आहे. न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात तो पाहणीस गेला. तेथे परदेशी पाठवायचे रॉकेल पाच गॅलनांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून झाकण डाख देऊन बंद करीत. त्याने विचारले, “एका डब्याला डाखाचे थेंब किती?” उत्तर आले, “चाळीस.” “अडतीसवर भागवून पाहिलेत का?” पाहिले नव्हते. अडतीस थेंब टाकून पाहिले, तर काही डबे गळू लागले. एकोणचाळीसचा मात्र एकही गळला नाही. तेव्हापासून एकोणचाळीस हा नियम झाला, आणि त्या एका थेंबाने पहिल्याच वर्षी अडीच हजार डॉलर वाचवले. शिरूरच्या आजोबांना ही गोष्ट माहीत असती तर त्यांनी त्या माणसाला मनोमन हात जोडले असते. तेही सुतळीचे तुकडे गाठ मारून जपून ठेवीत.

परदेशी पाठवायचे हे डबे म्हणजे आपल्याच घरी येणारे डबे. अमेरिकेत तयार होणाऱ्या रॉकेलपैकी निम्म्याहून अधिक त्या काळी बाहेरदेशी जाई. एका लाकडी खोक्यात दोन डबे, अशी ही खोकी जहाजाने मुंबईस येत आणि तेथून आगगाडीने देशावर. तेल संपले तरी डबा संपत नसे, हे तर सांगायलाच नको. वरचा पत्रा कापून मध्ये लाकडी दांडी ठोकली की पाण्याचा डबा. झाकण लावले की पिठाचा, धान्याचा आणि दिवाळीत चिवड्याचा. उभा चिरून सरळ केला की गोठ्याचे छप्पर. खोक्याच्या फळ्यांची देवघरे, मांडण्या, पोरांच्या गाड्या. आमच्या शिरूरच्या परसात तुळस होती तीही अशाच एका डब्यात.

एवढ्या मोठ्या बाजारावर दुसऱ्यांचा डोळा न जाता तर नवल. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युअल याने १८९२ साली ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आणले. आता डबे नकोत की खोकी नकोत. बाकूचे रशियन तेल जहाजाच्या पोटातच भरून यायचे. त्याच्याच धंद्यातून शेल कंपनी निघाली आणि १९०७ साली ती रॉयल डच कंपनीशी जोडली गेली. ब्रह्मदेशात बर्मा ऑइल कंपनी १८८६ पासून उभी होतीच. म्हणजे घासलेटच्या बाटलीसाठी आता तिघे भांडत होते. आणि भांडण परवडेनासे झाले की तह करीत होते. शेल-रॉयल डचचे जोडपे आणि बर्मा ऑइल यांनी १९०५ साली हिंदुस्थानचा बाजार आपसांत वाटून घेतला. ज्यांच्या घरात हा दिवा जळत होता त्यांना कोणी विचारले नाही.

इकडे अमेरिकेत स्टँडर्डविरुद्ध जनमत पेटत होते. १८९० साली मक्तेदारीविरुद्ध शेरमन कायदा झाला. १८९२ साली ओहायो प्रांताच्या न्यायालयाने स्टँडर्डचा ट्रस्ट मोडायला सांगितला. कंपनीने १८९९ साली न्यूजर्सी प्रांताच्या सोयीच्या कायद्याखाली नवे घर बांधले आणि कारभार पूर्ववत चालू ठेवला. अशा वेळी पुढे आल्या त्या ईडा टार्बेल. या बाईंचे बालपण तेलाच्याच मुलखात गेले होते आणि वडील त्याच धंद्यातले. स्टँडर्डच्या रेट्याखाली लहान धंदेवाले कसे पिचत गेले ते त्यांनी घरातच पाहिले होते. १९०२ ते १९०४ या काळात ‘मॅक्क्लुअर्स’ मासिकात त्यांनी स्टँडर्डचा इतिहास क्रमशः लिहिला. आरडाओरड नाही, न्यायालयातील साक्षी, करारांच्या प्रती, भाड्याचे तक्ते. मासिकाच्या पानांनी एवढे मोठे साम्राज्य हलवल्याची उदाहरणे जगात फार नाहीत, आणि मासिकात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

१९०६ साली सरकारने खटला भरला. १५ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांनी निकाल वाचला: सहा महिन्यांत स्टँडर्ड ऑइल मोडा. त्या वेळी लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. गीतारहस्याचा कच्चा खर्डा नुकताच लिहून झाला होता. आणि त्याच इरावतीच्या काठी, बरेच खाली, येनानजाँगला बर्मा ऑइलच्या विहिरी रात्रंदिवस चालू होत्या.

एकाच्या चौतीस कंपन्या झाल्या. न्यूजर्सीची वेगळी, न्यूयॉर्कची वेगळी, कॅलिफोर्नियाची, इंडियानाची, ओहायोची वेगळी. घर वाटले, पण वाटणीपत्र नीट वाचले तर गंमत दिसते. जुन्या प्रत्येक भागधारकाला चौतीसही कंपन्यांत त्याच्या हिश्शाप्रमाणे भाग मिळाले. म्हणजे भिंती उभ्या राहिल्या, घरमालक तोच. रॉकफेलरकडे जवळजवळ चौथा हिस्सा होता. भाग बाजारात आले तेव्हा लोकांना प्रथमच कळले की या कंपन्यांच्या पोटात केवढे धन दडले आहे. भाव चढत गेले. काहींचे वर्षाच्या आत दुप्पट झाले. मक्तेदार म्हणून शिक्षा झालेला माणूस शिक्षेपूर्वी होता त्याहून कितीतरी श्रीमंत झाला. आमच्याकडे भाऊबंदकीत वाटणी झाली की दोन्ही भाऊ गरीब होतात. हे उलटे कसे घडले याचा उलगडा शिरूरच्या आजोबांना मी शेवटपर्यंत करून देऊ शकलो नाही.

मग मोडणे व्यर्थच गेले काय? तसेही म्हणवत नाही. इंडियाना कंपनीत विल्यम बर्टन नावाचा रसायनज्ञ होता. जड तेलाला दाबाखाली तापवून त्यातून अधिक पेट्रोल काढण्याची युक्ती त्याने शोधली होती. पण ती मोठ्या प्रमाणावर करायला न्यूयॉर्कचे वडीलधारे परवानगी देईनात. स्फोटाचे भय होते. वाटणी होताच इंडियानावाले स्वतःच्या मनाचे झाले, भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि १९१३ साली बर्टनला पेटंट मिळाले. मोटारींचे युग नुकतेच उगवत होते. एका छपराखाली दबलेली अक्कल भिंत पडल्यावर अशी मोकळी झाली.

आपल्या वाट्याला आली ती न्यूयॉर्कची लेक, सोकोनी. पूर्वेकडचा धंदा मुख्यतः तिच्याकडे गेला. तिच्यामुळे हिंदुस्थानात एक प्रसंग असा घडला की त्याची आठवण शिरूरच्या पेठेत तीस वर्षांनंतरही निघे. रशियात क्रांतीनंतर तेलविहिरी सरकारजमा झाल्या होत्या. शेलचे हेन्री डेटर्डिंग यांच्या मते ते चोरीचे तेल. सोकोनीने तेच तेल स्वस्तात घेऊन हिंदुस्थानात विकायला आणले. डेटर्डिंग संतापले आणि १९२७ च्या सप्टेंबरात त्यांनी येथला भाव पाडला. सोकोनीनेही पाडला. न्यूयॉर्क आणि लंडनची भाऊबंदकी, आणि रणांगण आमच्या पेठा! सरकारच्या टॅरिफ बोर्डाला १९२८ साली या भांडणाची चौकशी करावी लागली.

आजोबा सांगत, त्या साली उधारी मागायला कोणी आलेच नाही. एरवी एक कंदील लावणारे घर दोन लावू लागले. आजोबांच्या दुकानात मात्र चढ्या भावाने भरून ठेवलेले डबे तसेच पडून राहिले, आणि ते तोटा सोसून विकावे लागले. गिऱ्हाइकाचे भले झाले ते त्यांना खुपले नाही; “पण हे भले कोणी केले, आणि उद्या ते परत का घेणार, हे आधी सांगायला कोणी नव्हते,” असे ते म्हणत.

आणि ते परत घेतलेच. १९२८ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधील ॲक्नकॅरी नावाच्या किल्ल्यात डेटर्डिंग, न्यूजर्सी स्टँडर्डचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियनचे जॉन कॅडमन शिकारीच्या निमित्ताने जमले. पक्षी किती पडले ते राहू द्या. ठरले ते असे: ज्याच्याकडे आज बाजाराचा जेवढा हिस्सा आहे तेवढाच त्याच्याकडे राहावा आणि भावावरून कोणी भांडू नये. १९११ साली न्यायालयाने मोडलेल्या घराची थोरली पाती सतरा वर्षांत शेजाऱ्यांना हाताशी धरून जगाचीच वाटणी करायला बसली. त्याच वर्षी आपल्याकडे बर्मा आणि शेल यांची जोड-कंपनी बर्मा-शेल स्थापन झाली. १९३३ साली न्यूजर्सी आणि न्यूयॉर्क या दोन सख्ख्या बहिणींनी पूर्वेकडचा धंदा पुन्हा एकत्र केला आणि त्याला स्टँडर्ड-व्हॅक्यूम, सुटसुटीत नाव स्टॅनव्हॅक, म्हणू लागल्या. तिसरी कॅलटेक्स, तिच्यातही अर्धे रक्त कॅलिफोर्निया स्टँडर्डचेच. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाचा दिवा या तिघींच्या ओंजळीत होता.

१९५१ साली स्टॅनव्हॅकने भारत सरकारशी करार केला आणि १९५४ साली मुंबईजवळ तुर्भ्याला तिचा तेलशुद्धी कारखाना सुरू झाला. शेजारी बर्मा-शेलचा १९५५ मध्ये. यापुढची कथा मला विशेष मौजेची वाटते. १९६० साली केशवदेव मालवीय तेलखात्याचे मंत्री असताना रशियाने स्वस्तात कच्चे तेल देऊ केले. सरकार कंपन्यांना म्हणाले, ‘हे तुमच्या कारखान्यात शुद्ध करून द्या.’ तिन्ही कंपन्यांनी साफ नकार दिला. तेहतीस वर्षांपूर्वी रशियाचेच रॉकेल जिने हौसेने आणून विकले तिच्याच वंशजेला आता तेच तेल चालेना! सरकारने १९५९ साली इंडियन ऑइल कंपनी काढून ठेवली होती. तिच्यामार्फत रशियाचे रॉकेल आणि डिझेल आणण्याचा करार झाला. तेलाच्या किमतींची चौकशी करणाऱ्या दामले समितीने १९६१ साली अहवाल दिला आणि भावाच्या गुपितात सरकारने प्रथमच नीट डोकावून पाहिले.

त्याच वेळी अमेरिकन सरकारने पुन्हा खटल्याचा बडगा उगारला होता, आणि १९६० च्या तडजोडीनुसार बहिणी पुन्हा विभक्त झाल्या. १९६२ साली स्टॅनव्हॅक मोडली. हिंदुस्थान न्यूजर्सीच्या वाट्याला गेला आणि तुर्भ्याच्या कारखान्यावर ‘एस्सो’ हे नाव लागले. ‘एस्सो’ म्हणजे काय? स्टँडर्ड ऑइल या दोन शब्दांची एस् आणि ओ ही आद्याक्षरे, बस्स. एकावन्न वर्षांपूर्वी न्यायालयाने पुसलेले नाव आमच्या रस्त्यांवरच्या पंपांवर राजरोस झळकत होते.

ते उतरले १९७४ साली. सरकारने एस्सो ताब्यात घेतली आणि १५ जुलै १९७४ रोजी हिंदुस्थान पेट्रोलियम अस्तित्वात आली. १९७६ मध्ये बर्मा-शेल गेली, तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. कॅलटेक्स त्याच वर्षअखेरीस सरकारकडे आली आणि १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विरली. अमेरिकेत १९९९ साली न्यूजर्सीची एक्सॉन आणि न्यूयॉर्कची मोबिल पुन्हा एक झाल्या. इकडे २०१८ च्या जानेवारीत ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा एक्कावन्न टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. एक सरकारी कंपनी दुसऱ्या सरकारी कंपनीची मालकीण झाली. वाटणी आणि एकत्र कुटुंब, पुन्हा वाटणी आणि पुन्हा एकत्र कुटुंब. या घराण्याचा गाडा असाच चालला आहे.

दौंडला आता डब्यांची खोकी उतरत नाहीत. मुंबईहून तेल नळातून येते, थेट सोलापूरपर्यंत. आणि पुण्याहून दौंडकडे जाताना लोणी काळभोरला त्याची मोठमोठी पांढरी पिंपे गाडीच्या खिडकीतून दिसतात. शिरूरच्या पेठेत कोणी बाटलीभर रॉकेल मागितले तर दुकानातला मुलगा चमकून बघेल.

आजोबांचे दुकान गेल्यावर परसातला तुळशीचा डबा मात्र आम्ही बरीच वर्षे ठेवला होता. दर दिवाळीला आई त्याला गेरू लावी. एका पावसाळ्यात तो ढासळला. माती बाजूला काढून पाहिला तर तळाचा पत्रा गंजून पार खाल्ला गेला होता. डाख मात्र सगळीकडे जिथल्या तिथे होता.